वाचकांचे प्रश्न : उंबरठ्यावरची दुआ

प्रश्न : घरात शिरताना म्हणायच्या दुआचं स्टिकर आमच्या दारावर आहे, मराठी अक्षरांत. पण त्यात ‘बाहेर पडलो’ असंही येतं. ही नक्की आत येतानाचीच दुआ ना? उच्चारही तपासून द्यावा.

उत्तर : आत येतानाचीच. पूर्ण पाठ असा :

‘अल्लाहुम्म इन्नी अस्अलुका ख़ैरल मौलजि व ख़ैरल मख़रजि, बिस्मिल्लाहि वलज्ना, व बिस्मिल्लाहि ख़रज्ना, व अलल्लाहि रब्बिना तवक्कल्ना.’

अर्थ : हे अल्लाह, आत येण्यातलं आणि बाहेर जाण्यातलं भलं मी तुझ्याकडे मागतो. अल्लाहच्या नावाने आम्ही आत आलो, अल्लाहच्याच नावाने बाहेर पडलो आणि आमचा पालनकर्ता अल्लाह, त्याच्यावर भरवसा ठेवला.

येणं आणि जाणं दोन्ही एकाच दुआत मागितलं आहे, म्हणून गोंधळ होतो. निघतानाची दुआ वेगळी : ‘बिस्मिल्लाहि तवक्कल्तु अलल्लाहि, ला हौल वला क़ुव्वत इल्ला बिल्लाह.’ बरेच जण दोन्ही स्टिकरं दाराच्या आतल्या बाजूला लावतात. आत येतानाचं चौकटीबाहेर हवं, नाहीतर ते दिसतं दार लावून घेतल्यावर!

उच्चारात मराठी माणूस चुकतो तो ‘ज’ला. ‘वलज्ना’, ‘ख़रज्ना’ यांतला ज ‘जीवन’मधला, ‘जावई’मधला नव्हे, तो तसा म्हटला की अरबीतल्या ‘झ’कडे झुकतो आणि शब्दच बदलतो. शिवाय हा ज हलन्त आहे, ‘वलजना’ असं सैल वाचू नये. ‘अस्अलुका’त स् नंतर क्षणभर अडून अ म्हणायचा. ‘असलुका’ केलं की मधला हम्जा, म्हणजे तो अडणारा आवाज, गळतो. ख़ घशातून घासत येतो, ‘खडक’मधल्या ख सारखा नाही. ‘तवक्कल्ना’त क दुहेरी. आणि ‘अलल्लाहि’च्या सुरुवातीला ऐन हे अरबी अक्षर आहे, ते देवनागरीत लिहिताच येत नाही, त्यामुळे एकदा जाणत्या माणसाकडून ऐकून घ्या.

ही दुआ अबू दाऊदच्या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आचरण) अबू मालिक अश्अरी यांच्याकडून आली आहे. तिच्या सनदेवर, म्हणजे ती कुणाकडून कुणाकडे आली त्या साखळीवर, मतभेद आहेत, काही हदीसतज्ज्ञ ती कमजोर मानतात. पाठ होत नसेल तर नुसतं ‘बिस्मिल्लाह’ म्हणा. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या, पैगंबरांचे सहकारी जाबिर यांच्या हदीसमध्ये घरात शिरताना आणि जेवताना अल्लाहचं नाव घ्यायला सांगितलं आहे. तसं केलं की शैतान आपल्या साथीदारांना म्हणतो, इथे ना मुक्काम, ना रात्रीचं जेवण. वजू (नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं) असलीच पाहिजे अशी अट नाही.

प्रश्न : घरात कुणीच नसेल तर सलाम कुणाला करायचा?

उत्तर : दुआ झाली की घरच्यांना ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणायचं, हा भाग लोक सर्वांत जास्त विसरतात. कुराणात सूरह नूरच्या 61व्या आयतीत घरात शिरताना सलाम करण्याचा स्पष्ट आदेश आहे. घर रिकामं असेल तर ‘अस्सलामु अलैना व अला इबादिल्लाहिस्सालिहीन’, म्हणजे आमच्यावर आणि अल्लाहच्या नेक बंद्यांवर सलाम. हेच शब्द नमाजच्या तशह्हुदमध्ये (बसून म्हणायच्या पाठात) येतात, त्यामुळे नमाजी माणसाला वेगळं पाठ करावं लागत नाही.

दुसऱ्याच्या घरी मात्र आधी परवानगी. तीन वेळा विचारावं, उत्तर आलं नाही तर परत फिरावं.