हृदय, हार्ट आणि मटणाच्या दुकानातलं काळीज

कोल्हापूरच्याच एका वाचकाने विचारलंय: हृदय आणि इंग्रजी हार्ट, दोन्हींत ह आहे, म्हणजे मूळ आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांची जी एक आदिम भाषा मानतात, तिच्यातला) शब्दही ह-नेच सुरू होत असणार ना? आणि मग आपलं काळीज कुठून आलं?

दोन्ही शब्द एकाच घराण्यातले, यात वाद नाही. पण त्या ह-वर जाऊ नका, तो निव्वळ योगायोग आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा असा ह सहसा जुन्या क-चा झालेला असतो, आणि त्याच क-चा संस्कृतात श होतो. शृंग, लॅटिन कॉर्नू, इंग्रजी हॉर्न. शिरस्, लॅटिन केरेब्रुम (मेंदू), जर्मन हिर्न (मेंदू). हृदयाला लॅटिनमध्ये कॉर, ग्रीकमध्ये कार्दिआ. म्हणजे नियमाने संस्कृतात ‘शृद्’ हवं होतं! संस्कृत ह-ची खरी इंग्रजी जोडी ग-शी जमते: हंस आणि गूज. हृद्-मधला ह हा अपवाद जुना आहे, कारण अवेस्तातही, म्हणजे पारशांच्या प्राचीन इराणी धर्मग्रंथांतही, नियमाने हव्या असलेल्या स-ऐवजी ‘ज़ेरेद्’ आहे. इराणी आणि भारतीय शाखा वेगळ्या होण्याआधीच ही गडबड झालेली. हवा असलेला श सापडतो तो श्रद्धेत. श्रद् अधिक धा, म्हणजे ‘हृदय ठेवणे’. लॅटिन क्रेदो, ‘मी विश्वास ठेवतो’, हा त्याचाच भाऊबंद.

आता काळीज. गंगावेशीत मटण घेताना ‘थोडं काळीज पण घाला’ म्हटलं, तर दुकानदार यकृत देतो. बरोबरच देतो. संस्कृत कालेय म्हणजे यकृत, काळीज त्यातूनच आलं. ‘काळजाचं पाणी झालं’ म्हणताना आपण ते छातीत नेऊन बसवलं, एवढंच.

यकृत शब्द तर अभ्यासकांची चैन आहे. त्याची षष्ठी यक्नः, म्हणजे र जाऊन न आला. लॅटिन इएकुरची षष्ठी इएकिनोरिस, तिथेही न घुसलाच. एवढी विचित्र खोड दोन लांबच्या भाषांना आपापली लागत नाही, ती मूळ घरातून आलेली असते. म्हणून पहिल्या रूपासाठी ‘येक्वृ’सारखा र-कारान्त आणि बाकी विभक्त्यांसाठी न-कारान्त, असे दोन्ही सांधे धरून मूळ शब्द मांडतात. सारख्या दिसणाऱ्या शब्दांपेक्षा अशा बेशिस्त रूपांवर माझा जास्त भरवसा आहे.

आणि फारसीतून आपल्याकडे आलेला जिगर हाही यकृताचाच चुलतभाऊ. तालमीतल्या पोराला जिगरबाज म्हणतात, तेव्हा व्युत्पत्तीने कौतुक त्याच्या यकृताचं चाललेलं असतं.