काकांना ग्रुपमधून काढण्याआधी त्यांचा फोन बघा

तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे नवे ॲडमिन आहात. एक ज्येष्ठ सभासद एका दमात आठ-दहा मेसेज टाकतात, लोक वैतागून ग्रुप सोडताहेत, तेव्हा काकांना काढून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात काढू नका. आमच्याकडेही असेच एक काका होते. त्यांचा एक नमुना जसाच्या तसा देतो:

नमस्कार
बी विंगमध्ये
कालपासून
पाणी येत नाहीये
प्लंबरला सांगितलं का
?

म्हणजे सकाळी पावणेसातला सहा वेळा फोन वाजला. कुणीतरी हात जोडलेली इमोजी टाकून लिहिलं, "काका, एका मेसेजमध्ये लिहा ना!" त्यावर चौदा जणांनी हसून घेतलं. काका गप्प झाले ते महिनाभर. त्या महिन्यात टाकी दोनदा ओसंडून वाहिली आणि ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही, कारण गच्चीत जाऊन टाकी बघणारे तेवढे एकच होते!

शेवटी मी त्यांच्याकडे चहाला गेलो आणि फोन मागून घेतला. सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात 'एंटर इज सेंड' चालू. अँड्रॉइडवर हे चालू असलं की एंटर दाबल्यावर नवी ओळ येत नाही, मेसेजच जातो. काका बिचारे पत्र लिहिल्यासारखी ओळ बदलत होते आणि म्हणत होते, "हा फोन फार आगाऊ आहे, माझं होण्याआधीच पाठवतो." ते बटण बंद केलं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब वापरणाऱ्यांनाही सांगा, तिथे नव्या ओळीसाठी शिफ्ट धरून एंटर दाबावं लागतं. आता काकांचा एकच मेसेज येतो, 'मा. सचिव यांस' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. वाचायला 'रीड मोअर' दाबावं लागतं, पण चालतंय.

दुसरी जात उत्तर न मिळाल्याने तेच तेच विचारणाऱ्यांची. "लिफ्टचं काय झालं?" मग संध्याकाळी "??", दुसऱ्या दिवशी "कमिटी झोपली आहे का". इथे दोष बहुतेक वेळा आपलाच असतो. "बघितलं, मेकॅनिक उद्या 11 वाजता येतोय" एवढं लिहिलं तरी तो माणूस थांबतो. ते उत्तर पिन करून ठेवा. 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस ते वरच राहतं.

फॉरवर्डवाल्यांसाठी वेगळा गप्पांचा ग्रुप काढा. त्यावर जास्त डोकं लावू नका.

आता एडिटबद्दल, कारण "दुसरा मेसेज टाकू नका, पहिलाच दुरुस्त करा" असा नियम उत्साही ॲडमिन लगेच करतात. मीही केला होता. एडिटची सोय 2023 मध्ये आली आणि ती पाठवल्यापासून 15 मिनिटंच चालते. शुद्धलेखनाला ठीक आहे. पण एडिट केल्याची सूचना कुणाला जात नाही. "पाणी 6 वाजता" चं "8 वाजता" केलंत, तर ज्यांनी आधी वाचलंय ते सहालाच बादल्या घेऊन उभे राहणार. माहिती बदलली असेल तर नवा मेसेजच टाकायचा, लागोपाठ असला तरी. आमच्या त्या नियमामुळे एकदा सभेची वेळ चुकली आणि मला बोलणी बसली, तीही रास्तच.

ॲडमिन म्हणून दुसऱ्याचे मेसेज डिलीट करता येतात, पण ते कोणत्या ॲडमिनने उडवले हे सगळ्यांना दिसतं. म्हणजे काकांचा चारचौघांत अपमान आणि तुमच्याशी कायमचं वैर. 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे सेटिंग नोटिशींच्या वेगळ्या ग्रुपला ठेवा, मुख्य ग्रुपला लावू नका. लोक तक्रार करायची सोडतात आणि ती जिन्यात तोंडी ऐकावी लागते. टेलिग्रामवर स्लो मोड आहे, दोन मेसेजमध्ये काही सेकंदांपासून 1 तासापर्यंत अंतर ठेवता येतं. पण केवळ त्यासाठी अख्खी सोसायटी तिकडे नेणं मला तरी जमलं नसतं.

तेव्हा रविवारी जाऊन या. ग्रुपवर काही लिहू नका, आधी फोन करून "काका, येऊ का?" एवढंच विचारा. आणि सेटिंग बदलाल तर त्यांच्यासमोरच एक मेसेज पाठवून बघायला लावा. आमच्या काकांना सेंडचा हिरवा बाण कुठे आहे, हेच माहीत नव्हतं.