गाडीच्या ओबीडी पोर्टात (डॅशबोर्डखालचं १६ पिनांचं सॉकेट) बिघाड वाचायचा स्कॅनर लावला, त्याचा दिवा लागतो, पण ‘लिंक एरर’ येते, म्हणजे गाडीशी जोडला जात नाही. इंजिन नीट चालतंय. गॅरेजवाला म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. खरंच गेला असेल का?

इंजिन नीट चालतंय असं तुम्हीच लिहिलंय. मग ईसीएम मेला कुठे? गॅरेजवाल्याला तो विकायचा असेल, तो भाग वेगळा.

दिवा लागतो म्हणजे १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस येतोय, फ्यूजचा विषय संपला. (लागत नसता तर आधी सिगारेट लायटरचा फ्यूज बघा म्हटलं असतं, बऱ्याच गाड्यांत दोघांना एकच असतो.)

माझ्या जुन्या गाडीला हेच झालं होतं. मी स्वस्तातला स्कॅनर खुपसून ईसीएम जाळला, असं आमच्या मेहुण्यांनी अख्ख्या नातेवाइकांत जाहीर केलं. गॅरेजनेही मान डोलावली. मग मी दोन रविवार मल्टिमीटर घेऊन डॅशबोर्डखाली उताणा. गाडी के-लाइनवाली, म्हणजे स्कॅनरशी सगळं बोलणं एकाच वायरवर, ७ नंबरच्या पिनवरून. बॅटरी काढून ७ आणि ४ (म्हणजे अर्थ) मध्ये रेझिस्टन्स मोजला, तर जवळजवळ शून्य! वायर कुठेतरी अर्थला चिकटलेली. एकेक कनेक्टर काढत गेलो. एबीएसचा काढला, शून्यच. म्युझिक सिस्टिमचा काढला आणि रीडिंग टुणकन वर. कंपनीच्या रेडिओच्या सॉकेटमध्येही के-लाइन आणलेली होती, आणि बाहेरून आणलेल्या सिस्टिममध्ये नेमक्या त्याच जागी अर्थ. तेवढी एक पिन काढून टेप गुंडाळली, स्कॅनर लगेच जोडला गेला. ती सिस्टिम बसवली कोणी होती? मेहुण्यांनीच. “नुसती खोचायची असते,” म्हणाले होते.

तुमच्या पोर्टात ६ आणि १४ ला पिना असतील तर गाडी बहुधा कॅनवाली, म्हणजे दोन वायरींवरून बोलणारी. बॅटरी काढून त्या दोघींत मोजा, ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. त्या वायरींच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्य आले तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. आणि ट्रॅकर, अलार्म, जे काही कुणी मागाहून जोडलंय ते आधी उपटा.

हां, नव्या गाड्यांत पोर्ट आणि बाकी वायरिंगच्या मध्ये गेटवे (मध्यस्थ कॉम्प्युटर) असतो, तिथे पोर्टवरच्या ओहमवरून पलीकडचं काही कळत नाही. आणि ईसीएममधली नुसती बोलण्यापुरती चिप जाऊ शकते, हेही खरं. पण ते सगळ्यात शेवटी.

त्याआधी स्कॅनर दुसऱ्या गाडीला लावून बघा. मी मेहुण्यांच्याच गाडीला लावला होता. क्षणात जोडला गेला, तर म्हणाले, “काढ आधी तो, आता माझाही जाळशील.”