दहा दिवसांत कसली मैत्री होणार?

“मॅडम, आम्ही जाणार, लेकरांना गाणी शिकवणार, फोटो काढणार आणि परत येणार. दहा दिवसांत कसली मैत्री होणार? नाटकच वाटेल ते.”

लातूरला नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ नेपाळला मिशन ट्रिपवर, म्हणजे ख्रिस्ती सेवेच्या दौऱ्यावर, निघाला होता. अशा सेवेला जाणारी बरीच मुलं माझ्याकडे हीच काळजी घेऊन येतात. भाषेची आणि जेवणाची भीती वरवरची असते. आपलं प्रेम खोटं ठरेल, ही भीती आतली.

तिची आई किल्लारीजवळच्या गावची. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा अकरा वर्षांची होती. मी मुलीला म्हटलं, “तेव्हा बाहेरून इतकी माणसं मदतीला आली. त्यातलं आईला कोण आठवतं, विचारून ये.”

पुढच्या भेटीत ती सांगत होती. गाड्यांवर गाड्या आल्या, कपडे वाटले, धान्य वाटलं. आईला त्यांतला एकही चेहरा आठवत नाही. आठवते ती एक परगावची नर्स. दुपारी ती पत्र्याच्या शेडमध्ये यायची आणि आजीला म्हणायची, “मावशी, भूक लागली, भाकरी आहे का?” आजीच्या ओव्या ऐकत बसायची. “तिनं आमच्या घरचं खाल्लं गं,” आई म्हणाली. सगळं गमावलेल्या घराकडून त्या बाईने काहीतरी मागून घेतलं होतं, आणि आजीला पुन्हा कुणाला तरी जेवू घालता आलं होतं.

माझं मत इथे ठाम आहे. दिवस कमी पडतात म्हणून मैत्री अडत नाही. आपण फक्त देणारे आणि समोरचे फक्त घेणारे, अशी वाटणी झाली की अडते. येशूचा प्रेषित पौल थेस्सलनीके शहरात गेला त्या हकिकतीत, बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात, तीन शब्बाथांचाच, म्हणजे तीन साप्ताहिक विश्रामदिवसांचाच, उल्लेख आहे. तरी त्याच लोकांना तो पुढे लिहितो, की तुम्ही आम्हांला इतके प्रिय झालात की सुवार्तेबरोबर, म्हणजे येशूच्या संदेशाबरोबर, आपला जीवही द्यायला आम्ही तयार होतो. शिवाय त्यांची काळजी वाटून तो आपला सहकारी तीमथ्य याला त्यांच्याकडे पाठवतो. निघून आल्यावरही त्याने त्यांना सोडलं नव्हतं.

मग आम्ही तिच्या ट्रिपचा कार्यक्रम समोर ठेवला. सकाळी व्हीबीएस (मुलांची सुटीतली बायबल शाळा), दुपारी आरोग्य तपासणी, संध्याकाळी सभा, रात्री टीमची प्रार्थना. माणसाशी बोलायला वेळच नव्हता! तिने पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलून तीन संध्याकाळी मोकळ्या करून घेतल्या. सगळ्या गावाशी मैत्री करायचा विचार सोड, मी म्हटलं. ज्या घरी उतरशील तिथली एखादी बाई पुरे. तिच्याकडून काही शिक, आणि स्वतःचं दुःखही सांग. फक्त साक्ष देऊन, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगून, उठू नकोस.

एक गोष्ट मात्र मी बजावून सांगितली. नेपाळच्या 2015च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे आणि तिथल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी कैदेची शिक्षा आहे. आपण परत येतो. तिथली मंडळी तिथेच राहते. त्यामुळे विचारल्याशिवाय फोटो नाही, नावगाव टाकून स्टेटस तर नाहीच. आणि समोरच्याने येशूवर विश्वास धरला तरच मैत्री टिकवायची असेल, तर ती करूच नये. माणूस म्हणजे आकडा नव्हे.

परत आल्यावर ती भेटली ती बोलायला उतावीळ होऊन. शनिवारी तिथे साप्ताहिक सुटी, म्हणून उपासनाही शनिवारी. दारात सगळे “जयमसीह” म्हणत हात जोडत. घरच्या सुनेने तिला ढिंडो (पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) घोटायला बसवलं. पिठाच्या गुठळ्या झाल्या, दोघी खूप हसल्या. मग आपल्या मुलीने भाकरी थापून दाखवली. मोडक्या हिंदीत बोलता बोलता तिने आईच्या भूकंपाची गोष्ट सांगितली. सून गप्प झाली. मग 25 एप्रिल 2015च्या भूकंपात पडलेल्या माहेरच्या घराविषयी बोलू लागली, ते रात्री उशिरापर्यंत.

महिन्याभराने मुलगी पुन्हा आली, रडवेली. त्या मैत्रिणीने नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे मागितले होते. “म्हणजे तिला पैसेच हवे होते का, मॅडम?”

मी विचारलं, “तुझी इथली मैत्रीण अडचणीत तुझ्याकडे मागत नाही?” मागते, म्हणाली. मग हिनेही मैत्रीण म्हणूनच मागितलं असेल, असं धरून चालायला काय हरकत आहे? मागणं वाईट नाही. नाही म्हणता न येणं, किंवा घाबरून उत्तरच न देणं, यानं नातं तुटतं. एकट्याने पैसे पाठवू नकोस, तिथल्या पाळकांना कळू दे, मदत व्हायची तर मंडळीतून होईल. पण उत्तर तू स्वतः दे, आणि आजच दे.

तिने माझ्यासमोरच फोन लावला. पैसे नाहीत हे सरळ सांगितलं. मग आजार कोणता, गोळ्या कोणत्या, रिपोर्टवर काय लिहिलंय, असं नर्सिंगच्या मुलीसारखं एकेक विचारत बसली. बोलणं अर्धा तास चाललं. दोघी अजून बोलतात, आणि आता तिची आईसुद्धा.