घरी धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावायची आहे, धान्यावरचं स्पॉन कसं वापरायचं?

स्पॉन म्हणजे उकडून निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली अळिंबीची बुरशी. स्पॉनची पिशवी घेताना दाणे पांढऱ्या तंतूंनी एकजीव झालेत ना, ते पाहा. हिरवा-काळा डाग किंवा आंबूस वास असेल तर घेऊच नका.

भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड बारीक तोडून रात्रभर भिजवा, मग ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा आणि निथळू द्या. इथे घाई नको! मूठभर काड घट्ट पिळलं तर हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. जास्त ओल राहिली की काड सडतं. काड पूर्ण गार झाल्यावरच प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि थराथराने स्पॉन पसरा (गरम काडात बुरशी मरते). ओल्या काडाच्या वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के पुरे.

पिशवीला भोकं पाडून २५ अंशांच्या आसपास, अंधारात ठेवा. १५ ते २० दिवसांत ती पांढरी होते. मग प्लास्टिक काढा, हवा खेळती ठेवा, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा.

विदर्भात असाल तर एप्रिल-मे सोडून थंडीत सुरुवात करा. आणि पहिल्यांदाच बटण अळिंबीच्या मागे लागू नका, तिला कंपोस्ट आणि बराच गारवा लागतो.