प्लेट कांगशी की ग्वांगशू ते राहू द्या, आधी नोटिशीचं उत्तर पाठवा गुरुजी

अंजनगाव सुर्जीकडच्या एका रिटायर्ड गुरुजींचा प्रश्न आलाय. जुन्या भांड्यांचा शौक, आठ महिन्यांपूर्वी 15 वर्षांच्या ओळखीतल्या एका संग्राहक मित्राकडून निळ्या नक्षीची चिनी मातीची प्लेट 62 हजाराला घेतली, 40 हजार फोनवरून पाठवले, बाकी रोख दिले, बिल-पावती काही नाही. मित्र म्हणे चीनच्या कांगशी बादशहाच्या काळातली आहे, 300 वर्षं जुनी. गुरुजींनी हौसेने फोटो संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला अन् तिथं पेटलं. एक म्हणे अस्सल, नागपूरचा एक म्हणे ग्वांगशू या नंतरच्या चिनी बादशहाच्या काळातली नक्कल, तिसरा म्हणे काल-परवाचा माल. गुरुजींनी रागाच्या भरात लिहिलं, "हा ठग आहे, नकली माल विकते, सावध राहा." आता मित्राच्या वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस आली, 5 लाखांची. पैसे परत मिळतील का, 420 लावू का, माफी मागावी लागेल का, अन् नाहीच जमलं तर प्लेट पुढे कोणाला विकून मोकळा होऊ का, असं विचारून राहिले.

गुरुजी, 420 डोक्यातून काढा. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय पण आत्मा तोच, विकताना समोरच्याच्या मनात खोट होती हे दाखवावं लागते. वस्तू वेगळी निघाली म्हणजे माणूस चोर निघाला असं होत नाही. आणि या भांड्यांच्या बाबतीत तर जास्तच, कारण बुडावर लिहिलेलं नावच कधीकधी खोटं असते अन् ते लिहिणारा तुमचा मित्र नसतो, चीनमधला कुंभार असते. कांगशी गेला 1722 मध्ये, पण 19व्या शतकाच्या शेवटी, म्हणजे ग्वांगशूच्या राज्यात (1875 ते 1908), त्याच्या काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची मागणी वाढली तेव्हा जिंगडेझेन या चीनमधल्या भांड्यांच्या गावातल्या कारागिरांनी नवीन भांड्यांवर कांगशीचाच शिक्का मारला. आणि खुद्द कांगशीच्या काळात कारागीर आधीच्या मिंग घराण्यातल्या बादशहांची नावं टाकत, काही मान म्हणून, काही खपावं म्हणून. म्हणजे शिक्का पाहून तुमचा मित्र फसला असेल आणि त्याने प्रामाणिकपणे तुम्हाला फसवलं असेल, हेही होऊ शकते बाप्पा. पोलीस स्टेशनला गेलात तर ठाणेदार म्हणेल दिवाणी मॅटर आहे, आणि तो चूक नसेल.

मग तुमची केस कुठं आहे? ती त्या दोन मेसेजमध्ये आहे जे तुम्ही मला पाठवले. व्हॉइस नोटमध्ये मित्र म्हणते, "मले तं कांगशी वाटते, तुम्ही बी पाहून घ्या." हे झालं मत, मतावर कोर्ट पैसे परत करायला लावत नाही. पण दोन दिवसांनी, तुम्ही पैसे पाठवायच्या अर्धा तास आधी, त्याने लिहून पाठवलं, "कांगशी पीस, 1700 च्या आसपासचा, गॅरंटी माझी." हे मत नाही, हे वर्णन आहे. माल विक्री कायदा 1930, कलम 15: वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाला जुळलीच पाहिजे, विकणाऱ्याचा हेतू चांगला असो की वाईट. तुमचं सगळं बळ या एका ओळीत आहे, म्हणून फोन बदलू नका, चॅट उडवू नका, कोर्टात दाखवायला नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागते ते मी करून देईन.

आता समोरचा वकील काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. म्हणेल की गुरुजी स्वतः 20 वर्षांचे संग्राहक, त्यांनी भिंग लावून प्लेट पाहिली, माझ्या अशिलाच्या शब्दावर थोडीच घेतली. हा मुद्दा हलका नाही. इंग्लंडमध्ये एक जुनी केस आहे, हार्लिंग्डन विरुद्ध क्रिस्टोफर हल, एका जर्मन चित्रकाराचं म्हणून विकलेलं चित्र नकली निघालं, पण विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं की मला यातलं कळत नाही, घेणारा त्या क्षेत्रातला जाणकार होता, म्हणून घेणारा हरला. आपल्या कोर्टावर इंग्लंडचे निकाल बंधनकारक नाहीत पण वकील दाखवतातच. तिथं विकणाऱ्याने हात झटकले होते, तुमच्या मित्राने मात्र "गॅरंटी माझी" लिहिलं, फरक तोच. आणि कृपा करून तुमच्या उत्तरात "मला यातलं सगळं कळते" असं लिहू नका, शौकीन माणसाला ती खोड असते.

दुसरं, उशीर. वस्तू ठेवून घेतली, वाजवी वेळात नको म्हणून कळवलं नाही, तर त्याच माल विक्री कायद्याच्या कलम 42 प्रमाणे तुम्ही ती स्वीकारली असं धरतात, मग वस्तू परत देऊन पूर्ण पैसे मागणं कठीण, फक्त किमतीतल्या फरकाची भरपाई मागता येते. आठ महिने झालेच आहेत. मुदत तीन वर्षांची असली तरी प्लेट परत घ्या असं लेखी कळवायचं काम या आठवड्यातच करा, स्पीड पोस्टाने, पोच मिळाल्याच्या पुराव्यासह. ग्राहक आयोगाचा रस्ता तुम्हाला बहुतेक बंद आहे, मित्र दुकानदार नाही, एक हौशी माणूस आहे. तो नेहमीच विकतो असं दाखवता आलं तर दोन वर्षांच्या आत तिथं जाता येते.

आणि त्याने नेहमी विकत असल्याचं दिसलं तर त्याच्याही पायात काटा आहे. पुरावस्तू कायदा 1972 मध्ये 100 वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू म्हणजे पुरावस्तू, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागते. एखादवेळ घरातलं विकलं तर तो धंदा होत नाही. वस्तू पुरावस्तू आहे का असा वाद झाला तर कलम 24 खाली पुरातत्त्व खात्याचा निर्णय अंतिम, पण तुमच्या भांडणाला त्याचा उपयोग शून्य! कांगशी असो की ग्वांगशू, दोन्ही 100 वर्षांवरच्या, खातं म्हणेल पुरावस्तू आहे अन् फाईल बंद. तुमचा वाद 62 हजार की त्याहून बऱ्याच कमी, याचा आहे. तिसरा मेंबर म्हणते तसा काल-परवाचा माल असेल तरच ते उत्तर तुमच्या कामाचं.

म्हणून तज्ज्ञ लागेल, आणि तो ग्रुपमधला नको. ग्रुपमधल्या चाळीस जणांचं मत म्हणजे पुरावा नाही, त्यातल्या अर्ध्यांनी प्लेट हातातही घेतली नाही, फोटोवरून झिलईचा रंग अन् बुडाची कडा कळत नसते. दोघांनी मिळून एक माणूस ठरवा, स्टॅम्पपेपरवर लिहा की त्याचं मत दोघांना मान्य, फी अर्धी-अर्धी. थर्मोल्युमिनेसन्स चाचणी (वस्तू शेवटची भट्टीत कधी भाजली त्याचा अंदाज) करायची म्हटली तर भांड्यातून थोडा तुकडा काढावा लागतो, तो दोघांच्या लेखी संमतीशिवाय काढायचा नाही, नाहीतर नवीनच भांडण. एक्स-रे फ्लुओरेसन्स या दुसऱ्या चाचणीत तोडफोड नाही, निळ्या रंगातली मूलद्रव्यं कळतात.

आता नोटीस. "प्लेट कांगशी नाही असं मला वाटते" हे लिहायला तुम्ही मोकळे आहात. "हा ठग आहे" हे तुम्ही लिहायला नको होतं. अब्रुनुकसानीचं आता न्याय संहितेचं कलम 356, त्यात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी चांगल्या हेतूने केलेल्या विधानाला संरक्षण आहे, पण ठग म्हणायच्या आधी त्याला एक फोन तरी केला होता का, हा प्रश्न येईल अन् तुमचं उत्तर नाही असं आहे. माझं ऐका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, मग त्याच ग्रुपवर लिहा: "प्लेटीच्या काळाबद्दल आमचा वाद आहे, तो आम्ही मिटवून राहिलो, मी वापरलेले वैयक्तिक शब्द मागे घेतो." प्लेट खरी आहे असं कबूल करू नका, मागे फक्त शब्द घ्या, दावा नाही. नोटिशीला तेच उत्तर जाईल, 5 लाख वगैरे काही द्यायचे नाहीत.

त्यानंतर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, केस दाखल व्हायच्या आधीच लोकअदालतीत बसता येते, तिथं जे ठरते त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असते अन् अपील नाही. माझा अंदाज, मित्र प्लेट परत घेऊन हप्त्याने पैसे द्यायला तयार होईल. त्यालाही ग्रुपवर तोंड दाखवायचं आहे, आणि 15 वर्षांची ओळख आहे तुमची.

पुढे विकायचं म्हणता ते मात्र अजिबात नाही. मित्राला कदाचित माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे. वाद लपवून कांगशी म्हणून विकली तर 318 तुमच्यावर लागेल, आणि तिथं मी वाचवू शकणार नाही.

पत्राच्या शेवटी लिहिलं की सूनबाई पाहुणे आले की त्याच प्लेटीत चिवडा देते. आजपासून बंद. कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, परत द्यायची वेळ आली तर जशी घेतली तशीच द्यावी लागेल, एक कपची उडाली तरी समोरचा वकील तेवढंच धरून बसेल.