हेड फेस केलं, कॅम बदलला: जुनेच पुशरॉड चालतील का?

शेव्हरोले ३५० स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, हेड फेस केलेलं (खालचा पृष्ठभाग घासून सपाट केलेला), कॅम नवा, रॉकर स्टडवरचे. कॅम टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडची दांडी वर ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. नट फिरवून टॅपेट बसतातच, मग पुशरॉडची लांबी मोजायची कशाला, हा तुमचा प्रश्न.

नट फिरवल्याने फक्त प्ले (भागांमधली ढिली जागा) जातो. पुशरॉडची लांबी चुकलेली असली, तर आवाज बंद होऊनही रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर (दांडीच्या वरच्या टोकावर) लांबवर घासत राहतं, स्टेमला म्हणजे त्या दांडीला आडवं रेटतं आणि तिला धरणारं गाईड खातं. हेड फेस केल्यावर आखूड पुशरॉड लागतो. घासून तयार केलेल्या कॅमचा गोल भाग (व्हॉल्व्ह बंद असताना टॅपेट ज्यावर असतो तो) लहान असेल, तर लांब लागतो. म्हणून या इंजिनाच्या साध्या (रोलर नसलेल्या) टॅपेटसाठी ठरलेलं ७.८०० इंच हे माप डोळे झाकून मागवू नका.

मापासाठी कमी-जास्त होणारा चेकिंग पुशरॉड आणि व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगऐवजी हलकी चेकिंग स्प्रिंग घ्या. हायड्रॉलिक (तेलावर चालणाऱ्या) टॅपेटचा प्लंजर, म्हणजे आतला सरकता दट्ट्या, दाबाने बसतो आणि माप खोटं येतं; त्यामुळे एका टॅपेटमध्ये वॉशर भरून प्लंजर वरच्या क्लिपला टेकलेला ठेवा. हेड गॅस्केट शेवटी बसणार त्याच जाडीचं हवं, दाबलेलं जुनं असलं तर उत्तम. हेडचे बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळा.

इनटेक व्हॉल्व्ह तपासताना त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागेपर्यंत क्रँक फिरवा. आता इनटेकचा टॅपेट कॅमच्या गोल भागावर आहे. पुशरॉड बोटांनी वर-खाली हलवत प्ले जेमतेम संपेपर्यंत नट फिरवा. नुसता गोल फिरवून अंदाज घेऊ नका, तेलामुळे फसायला होतं. व्हॉल्व्हच्या माथ्याला मार्कर लावा, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि रॉकर काढून पुसलेला पट्टा बघा.

पट्टा जितका अरुंद, तितकी लांबी बरोबर. तो मधोमध असावा हे खरं, पण मधोमध आणि रुंद यापेक्षा किंचित बाजूला आणि अरुंद केव्हाही चांगला. लांबी ०.०५० इंचाने बदलत पुन्हा पुन्हा बघा. पट्टा अरुंद होत जाऊन परत रुंद व्हायला लागतो, तिथे थांबून एक पायरी मागे या. एक्झॉस्टसाठी इनटेक जवळजवळ बंद होईपर्यंत फिरवा. दोन्ही बाजूंच्या हेडवर किमान एकेक इनटेक आणि एक्झॉस्ट तपासा.

सापडलेल्या लांबीत टॅपेटचा प्रीलोड (प्ले संपल्यावर प्लंजर जेवढा आत दाबून ठेवायचा तेवढं अंतर) मिळवा, कारण प्लंजर तेवढा खाली बसणार आहे. टॅपेट बनवणाऱ्याने दिलेला आकडाच घ्या. नटाचा हिशेबही लक्षात असू द्या: ३/८ इंची स्टडला इंचात २४ आटे असतात. अर्ध्या फेऱ्यात नट ०.०२१ इंच उतरतो, पण दीडपट रॉकरमुळे प्लंजर साधारण ०.०३५ इंच दबतो. प्रीलोड फार झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं.

७.८ इंच म्हणजे १९८ मिलिमीटर. १५० चा कॅलिपर पुरणार नाही. तेलाच्या भोकामुळे पुशरॉडचं टोक जरा सपाट असतं, त्यामुळे कॅलिपरवर लांबी थोडी कमी दिसते. विकणारा लांबी टोकापासून टोकापर्यंत धरतो की भोक नाही असं मानून, हे विचारूनच ऑर्डर द्या.